वादळ वळलं तेव्हा

दिवाळी उलटली, की आमच्या यवतमाळकडच्या हवेत एक कोरडेपणा येतो. ओठ फुटायला लागतात, सकाळी अंगणात पाऊल टाकलं की फरशी गार लागते, आणि गावाबाहेर कुठल्याही रस्त्यानं निघालं तरी दोन्ही अंगांना कापूस फुटलेला दिसतो. लोकांना हे दिवस आवडतात. मलाही आवडतात. फक्त याच दिवसांत केव्हातरी टीव्हीवरची मुलगी नकाशासमोर उभी राहून सांगते, की अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आहे. तिच्या मागे एक पांढरं चक्र हळूहळू फिरत असतं. मुलगा म्हणतो, आई, तू कशाला बघत बसतेस, आपल्यापासून समुद्र किती लांब. मी मान हलवते, उठते आणि तांदूळ निवडायला घेते. हाताला काहीतरी काम लागतं.

लांब असणं म्हणजे काय, ते मला आर्णीत कळलं.

मी मूळची देवगडच्या बाजूची. आमचं बंदर लहान. चार-दोन मचवे, थोड्या होड्या, धक्क्यावर माशांचा आणि ओल्या दोरखंडांचा वास. त्यातला एक मचवा बाबांचा होता. शिडाचं, मालाचं तारू. नारळी पौर्णिमा झाली, की तो पाण्यात लोटायचा आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत कौलं, नारळ, मीठ, जो माल मिळेल तो एका बंदरातून दुसऱ्या बंदरात न्यायचा, हा आमच्या घरचा धंदा. माझ्या पाठचा भाऊ दत्तू बाबांच्या हाताखाली तयार झाला होता. उंच, रुंद खांद्यांचा, आणि बोलायला इतका हळू, की आई त्याला दोनदा विचारायची, काय म्हणालास. माझं लग्न ठरलं ते मात्र मॅट्रिक झालेल्या, सरकारी रस्त्यांच्या खात्यात कारकून असलेल्या माणसाशी. मग महाराष्ट्र राज्य झालं, तिकडची माणसं इकडे अशा बदल्या निघाल्या, आणि यांच्या हातात आर्णीचा हुकूम पडला. आर्णी कुठे आहे ते आमच्या बंदरावर कुणालाच सांगता येईना. बाबांनी एवढंच विचारलं, "थंय खाडी आसा?" तिथे खाडी आहे का. हे म्हणाले, नदी आहे. बाबांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

आर्णीत मिठाला पाणी सुटत नसे. मला याचंच पहिलं नवल वाटलं. आमच्याकडे मिठाचं भांडं बाराही महिने ओलसर, चिमूट उचलली की बोटं चिकट. इथे बरणीतलं मीठ वाळूसारखं सुटं राहायचं. काडेपेटीतली प्रत्येक काडी पेटायची. पापड टोपलीत उघडे राहिले तरी कुरकुरीत. घरमालकांच्या काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी कौतुक करते आहे. मला मात्र त्या सुट्या मिठाकडे बघून आईच्या चुलीपाशी बसल्यासारखं होई आणि डोळे भरून येत.

आमच्याकडे दूध घालायला जवळच्या तांड्यावरून एक बंजारा बाई यायची. सोनीबाई तिचं नाव. वयानं आईच्या बरोबरीची, हातात कोपरापर्यंत बांगड्या, चालताना सगळं अंग वाजायचं. दूध मापून झालं तरी ती लगेच उठत नसे. ओसरीवर टेकायची आणि मला माझ्या गावाचं विचारायची. समुद्र तिनं पाहिला नव्हता. अरुणावतीला पूर आला म्हणजे पलीकडचा काठ दिसत नाही, त्यापेक्षा मोठा काय, असं तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, त्याला पलीकडचा काठच नाही. ते काही तिच्या डोळ्यांपुढे येईना. बाबा मचव्यावरून मीठ नेतात हे ऐकल्यावर मात्र तिला एकदम आमचं घर कळल्यासारखं झालं. तिच्या आज्याच्या काळापर्यंत त्यांच्यातली माणसं बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलखामुलखातून धान्य आणि मीठ न्यायची. त्याला ते लदेणी म्हणायचे.

"म्हंजे तुह्या बापाची लदेणी पान्यावर चालते," ती म्हणाली. "मंग तुही माय बी वाटच पाहात असन."

तेव्हापासून ती मला बेटी म्हणायला लागली.

त्या साली कापूस चांगला आला होता. तांड्याच्या बाजूचं शिवार सकाळच्या उन्हात इतकं पांढरं दिसायचं, की डोळे बारीक करावे लागत. रस्त्यानं कापसाच्या गाड्या चाललेल्या, बाभळीच्या काट्यांना अडकलेले पुंजके, दुपारी सगळं गाव वावरात गेल्यामुळे गल्लीत पसरलेली शांतता. आभाळ निळं आणि रिकामं. अशा आभाळाखाली बसून मी पहिल्यांदा ती बातमी ऐकली.

घरमालक देशपांडेकाका वकिलीतून निवृत्त झालेले होते. त्यांच्याकडे रेडिओ होता, आणि संध्याकाळच्या मराठी बातम्या ऐकायला ते आम्हा दोघांना हाक मारत. त्या दिवशी बातम्या संपत आल्या होत्या, काकू दिवा लावायला उठल्या होत्या, आणि निवेदकानं अगदी सपाट आवाजात सांगितलं, की अरबी समुद्रात चक्रीवादळ झालं असून ते कोकण किनाऱ्याच्या रोखानं सरकत आहे. बंदरांवर धोक्याचे बावटे लावले आहेत. त्यानंतर कसल्याशा परिषदेची बातमी आली. काकांनी परिषदेबद्दल काहीतरी मत दिलं. मला ते ऐकू आलं नाही.

बावटा कसा असतो ते मला माहीत होतं. आमच्या बंदरावर एक काठी होती. तिच्यावर ते निशाण चढलं, की बायका दारातून आत जात नसत. पुरुष मचवे खाडीत आत ओढायचे, नांगर टाकायचे, डोलकाठ्या उतरवायचे. पोरांना कुणी ओरडत नसे, की कुणी गोड बोलत नसे. आणि बाबा समुद्राकडे न बघता आभाळाकडे बघत. काकांच्या ओसरीवर बसल्या बसल्या मला वाटलं, की आत्ता तिथे हे सगळं चाललं असेल, आणि इथे माझ्यासमोर काकूंनी चिरलेला पेरू ठेवला आहे.

आम्ही दोघं घरी आलो. मी यांना म्हटलं, आपण जाऊ या. हे चिडले नाहीत. चटईवर बसून यांनी सगळा रस्ता मला समजावून सांगितला. आर्णीहून बसनं यवतमाळ, तिथून लहान गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मुंबईची गाडी, आणि मुंबईहून देवगडची बोट. पण बावटा लागला म्हणजे बोटी बंद. आणि रजा मिळून, गाड्या मिळून आपण मुंबईला टेकेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. यांचं स्वतःचं गाव घाटाच्या पायथ्याशी, समुद्रापासून आत, त्यामुळे तिकडची काळजी कमी. पण बोलताना हेही चटईची कड उसवत होते. हे म्हणाले, "सांग, मी काय करू? तू सांगशील ते करतो." त्या माणसावर रागावायलाही जागा नव्हती, याचंच मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तारघरात जाऊन आईच्या नावानं तार केली. दोनच शब्द. खुशाली कळवा. तारबाबूनं गाव विचारलं, मग म्हणाला, तिकडच्या लायनीचा भरवसा नाही, वादळ लागून राह्यलं तिकडे. जणू आम्हाला ते ठाऊक नव्हतं. मी बाहेर आले तर समोर बाजार भरला होता. लोक गाजरं घेत होते, बैलांसाठी कासरे घेत होते. कुणाकुणाला थांबवून सांगावंसं वाटलं. काय सांगणार? वर एक ढग नव्हता.

बातम्यांत ते रोज जवळ येत होतं. रत्नागिरीच्या नैर्ऋत्येला, मग पश्चिमेला. किती मैलांवर ते सांगायचे. मी मनात आमच्या खाडीपासूनचं अंतर धरत असे आणि मला आमचं घर दिसे. नारळाच्या झापांचं पुढचं छप्पर, चिऱ्यांच्या भिंती, खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला आईनं लावलेली अबोली. बाबा आणि दत्तू घरीच असणार हा एक आधार होता. दिवाळीला ते मचवा घेऊन घरी येतात, मग त्याची डागडुजी निघते, त्याला वेळ लागतो, कौलं भरायला ते त्यानंतरच जातात, असं मी स्वतःला सांगत होते. घरात तिघं आहेत. बाबांच्या हातात सगळं नीट राहील.

सोनीबाई दूध घेऊन आली ती घाईत होती. तांड्यावरची सगळी माणसं वेचणीला लागली होती. माझ्याकडे बघून ती उंबऱ्यातच थबकली. मी तिला सांगितलं. तिनं धीर दिला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. दूध ओतून झाल्यावर म्हणाली, "घरात बसून काय करतं? चाल वावरात."

मी तिच्याबरोबर गेले. साडीचा पदर पुढे बांधून तिनं मला ओटी करून दिली. पऱ्हाटीच्या ओळीत वाकून एकेका बोंडातून कापूस ओढायचा आणि ओटीत टाकायचा. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या सुईसारख्या टोचतात, नखांच्या कडेनं रक्त येतं. दुपारपर्यंत माझी कंबर मोडली. पण तेवढा वेळ मी मैल मोजले नाहीत. बाजूच्या ओळीत बायका त्यांच्या बोलीत गात होत्या. शब्द कळत नव्हते, सूर मात्र सारखा खाली उतरायचा. पाणी प्यायला उभी राहिले तेव्हा मला पश्चिमेकडे आभाळात पिंजलेल्यासारखे पांढरे तंतू दिसले. खूप उंचावर, सगळे एका बाजूला ओढलेले. ते मी लहानपणापासून ओळखत होते. इतक्या आत, जिथे खाडी नाही, जिथे मिठाला पाणी सुटत नाही, तिथेही वादळाची बोटं पोचली होती.

मी सोनीबाईला ते दाखवलं. तिनं हाताची आडवी पट्टी कपाळाला लावून पाहिलं. मग फुटलेल्या वावराकडे पाहिलं. अजून अर्धंही वेचून झालं नव्हतं. तिच्या तोंडावर जे उमटलं ते मी आमच्या बंदरावर बायकांच्या तोंडावर पाहिलेलं होतं.

त्या संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, वादळानं दिशा बदलली. ते उत्तरेकडे, गुजरातच्या काठेवाडाकडे वळलं असून कोकणाचा धोका टळला आहे. काकांनी ते मोठ्यानं पुन्हा म्हटलं, "वळलं, सूनबाई. तुमच्या गावाचं टळलं." मी काकूंच्या पाया पडले. का पडले ते मलाही सांगता येणार नाही, त्या जवळ होत्या म्हणून. घरी येऊन मी रवा भाजला, शिरा केला, खूप तूप घातलं. हे दारात उभे राहून हसत होते. कितीतरी दिवसांनी आम्ही पोटभर जेवलो.

सकाळी सोनीबाईसाठी वाटीत शिरा काढून ठेवला होता. ती आली तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि बारीक पाऊस लागला होता, कापसाच्या दिवसांत पडू नये असा. तिचं लुगडं खांद्यावर भिजलेलं. उरलेला कापूस झाडावरच काळा पडणार हे तिला कळून चुकलं होतं. मी तिच्या हातात वाटी दिली आणि सांगितलं, टळलं, आमच्या गावाचं टळलं. तिला मनापासून बरं वाटलं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. मग शिऱ्याचा घास हातात धरून तिनं विचारलं,

"मंग आता कोनाकडे गेलं?"

मी म्हटलं, काठेवाडाकडे. तिला काठेवाड ठाऊक नव्हतं. पावसाकडे बघत तिनं शिरा खाल्ला.

तारेला उत्तर आलं ते आईचं नव्हतं. चुलत्यांनी पाठवलेलं होतं. आई सुखरूप, मचवा काठेवाडात, खबर नाही.

मी ती तार यांच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली. मागाहून कळलं, त्या साली कौलांचा माल लवकर मिळाला होता. डागडुजी अर्धवट सोडून बाबा आणि दत्तू दिवाळीचा फराळ बांधून घेऊन निघाले होते. मी घरात तिघं धरत होते, तेव्हा घरात एकटी आई होती. आणि ज्या समुद्राकडे ते चक्र वळलं म्हणून मी शिरा केला, तिथे ते दोघे होते.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. पाऊस थांबला, ऊन पडलं, हवा पुन्हा कोरडी झाली. रेडिओनं काठेवाडच्या किनाऱ्यावरच्या नुकसानीचं सांगितलं आणि तो दुसऱ्या बातम्यांकडे वळला. रेडिओला बाबांचं नाव माहीत नव्हतं. हे रोज कचेरीतून येताना तारघरावरून येत आणि दारातूनच मान हलवत. सोनीबाई दूध घालून माझ्याशेजारी बसायची. तिच्या नवऱ्यानं भिजलेला, पिवळा पडलेला कापूस अंगणात पसरून ठेवला होता आणि तो कोण घेणार याची तिला चिंता होती, पण ते ती माझ्यापाशी बोलत नसे. आम्ही दोघी उन्हाकडे बघत बसायचो.

आता टीव्हीवर किनाऱ्यावरची माणसं आधीच हलवलेली दाखवतात. शाळांमधून त्यांना ठेवतात, खिचडीची पातेली दाखवतात. बरं वाटतं. तरी मला त्या शाळेतली माणसं पाहून इतर कुणाची आठवण येते. दूरच्या गावात कुणाची तरी लेक हातात फोन घेऊन बसली असेल. पलीकडून उत्तर येत नसेल. तिच्या खिडकीबाहेर स्वच्छ ऊन असेल. तिचं काय करायचं, हे कुणाला अजून सुचलेलं नाही.

थंडी सरत आली होती तेव्हा बाबा आले. पत्ता विचारत विचारत, एकटे, पायात वहाणा नाहीत. मी दार उघडलं आणि क्षणभर ते मला ओळखू आले नाहीत. आयुष्यात कधी बंदर सोडून आत न आलेला माणूस आमच्या ओसरीवर उभा होता, धुळीनं पांढरा झालेला. मी त्यांच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं. वेरावळला माल उतरवून ते बंदराबाहेर नांगरून होते. वादळ कोकणाकडे चाललंय, असं सगळेच म्हणत होते. त्यामुळे तिथे कुणी मचवे आत ओढायची घाई केली नाही. दत्तूला घराकडची काळजी लागली. आई एकटी आहे, तुम्ही जाऊन तार करा, मी मचव्यावर थांबतो, असं म्हणून त्यानंच बाबांना होडीतून किनाऱ्यावर पाठवलं. तारघरात गर्दी होती. सगळे दर्यावर्दी आपापल्या घरी तारा करायला आलेले. बाबांची पाळी यायच्या आत वारा फिरला.

"मी तारघरात उभो होतंय, बाय," बाबा म्हणाले. "भायर इलंय तर बंदर दिसाक नाय."

मी तारघरात उभा होतो. बाहेर आलो तर बंदर दिसेना. त्याच दिवसांत मीही आर्णीच्या तारघरात उभी होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. आम्ही दोघंही एकाच दाराकडे तार करायला निघालो होतो, आणि त्या दारात काहीच झालेलं नव्हतं.

मचव्याच्या फळ्या मिळाल्या. दत्तू मिळाला नाही. तो मिळाल्याशिवाय तार करायची नाही, असं धरून बाबा तिथे राहून किनाऱ्यानं गावोगाव हिंडले, मग घरी गेले. आई ऐकून घेईना. तो दुसऱ्या कुणाच्या तरी तारवावर चढला असेल, मस्कतला निघाला असेल, येईल, असं ती म्हणते. दिवस करू देत नाही. गावात कुणी बोललं तर त्याच्या घरी जायचं बंद करते. "माझा ती ऐकूचा नाय," बाबा म्हणाले. "तू चल. तुझा ऐकात."

सोनीबाई दूध घेऊन आली तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. मी सांगितलं, हे माझे बाबा. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि त्यांच्यापासून थोडं दूर जमिनीवर बसली. एकमेकांची बोली दोघांना धड कळत नव्हती. तिनं विचारलं, किती लेकरं. बाबांनी माझ्याकडे बोट केलं, मग दुसरं बोट उचललं, आणि ते तसंच हवेत राहिलं. सोनीबाईनं आमच्यासाठी आणलेलं नव्हतं ते दूधही ओतलं आणि मापाकडे न बघता निघून गेली.

यांनी रजेचा अर्ज दिला, पण यांना रजा मिळाली नाही. मी बाबांबरोबर निघाले. बस, लहान गाडी, मोठी गाडी, आणि मग बोट. वाटेत सारखी मी वाक्यं जुळवत होते. आईला आधी कुठे बसवायचं, हात कसा धरायचा, दत्तूचं नाव कितव्या वाक्यात घ्यायचं. तिनं मस्कतचं काढलं तर काय म्हणायचं. समुद्र शेजारी निळा, शांत पडला होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. बाबा पाठ करून बसले होते. मी एवढंच मनाशी धरून होते, की वादळात मला काही करता आलं नाही, पण एवढं तरी करीन. आईला मी नीट सांगीन.

घराचं पुढचं छप्पर जागेवर होतं. अबोली फुलली होती. आई खळ्यात सुकट वाळत घालत होती आणि एका हातानं कावळे हाकलत होती. आमची चाहूल लागून तिनं वर पाहिलं. बदली झाल्यापासून मी एकदाही येऊ शकले नव्हते. सणाला नाही, ती आजारी होती तेव्हा नाही. इतका लांबचा, इतका अवघड तो रस्ता. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं. तिचा कावळ्यांवर उचललेला हात खाली आला.

"तू इलंस?" ती म्हणाली. "मगे ता खरांच आसतला."

तू आलीस, म्हणजे ते खरंच असणार. मी अजून तोंड उघडलं नव्हतं.